घरच्या भाषेचा कवि : बाकीबाब बोरकर

दापोली तालुक्यांतील मुरुड हें समुद्रकांठचें गांव. नारळीपोफळींच्या बागा, दुर्गादेवीचें देऊळ आणि पश्चिमेस पसरलेली लांबलचक पुळण, असें या गांवाचें रूप आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण येथें गेलें, म्हणून महाराष्ट्रांत हें नांव सुशिक्षितांच्या ओळखीचें झालें. या पुळणीवरून एखादा वाटसरू दक्षिणेची वाट धरून किनाऱ्याकिनाऱ्यानें चालूं लागला, तर त्याला देखावा बहुतेक सारखाच दिसेल. तीच खाडी, तेच माड, तींच कौलारू घरें, आषाढांतला तोच पाऊस. बदलत जाईल ती माणसांच्या तोंडची भाषा. गुहागर ओलांडावें, केशवसुतांचें मालगुंड मागें टाकावें, रत्नागिरी, राजापूर, देवगड करीत मालवणास पोंचावें, तों 'मला'चें 'माका' झालेलें असतें. तेरेखोलची खाडी उतरून गोव्यांत पाऊल टाकावें, तों त्या 'माका'चें 'म्हाका' होतें, 'मी'च्या जागीं 'हांव' येतो, आईला 'आवय' म्हणतात आणि प्रेमाला 'मोग'. शब्द कानाला नवा वाटतो, पण बोलणाऱ्याचा सूर ओळखीचा लागतो. ही भाषा कोंकणी.

या भाषेचा एक कवि असा होऊन गेला कीं, मराठी वाचकांनीं त्याला आपला म्हणून डोक्यावर घेतलें आणि गोमंतकीयांनीं त्याला 'बाकीबाब' अशी घरगुती हाक मारली. बाळकृष्ण भगवंत बोरकर हें त्यांचें पूर्ण नांव. मराठींत ज्याला कीर्ति, वाचक आणि मान हीं सारीं मिळालीं होतीं, त्या कवीनें प्रौढ वयांत आपल्या चुलीपाशींच्या भाषेंत कविता कां लिहावी, आणि त्यामुळें मराठीनें कांहीं गमावलें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बोरकरांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१० रोजीं झाला. अफोन्सो द आल्बुकर्क यानें गोवें शहर निर्णायकपणें जिंकलें तें २५ नोव्हेंबर १५१० रोजीं. म्हणजे हें मूल जन्मास आलें तेव्हां त्या घटनेला चारशें वर्षें आणि वर पांच दिवस होऊन गेले होते. बोरकरांचें बोरी हें गांव मात्र जुवारी नदीच्या कांठीं, फोंडें महालांत आहे. हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला तो बराच उशीरा, १७६३ सालीं. त्यामुळें जुन्या मुलखांतल्याप्रमाणें येथलीं देवळें पाडलीं गेलीं नाहींत. उलट तिकडून हलविलेले कित्येक देव याच महालांत येऊन राहिले. देवाबरोबर भजन टिकलें, कीर्तन टिकलें आणि त्यांच्याबरोबर मराठीही टिकली.

त्या काळच्या गोमंतकीय हिंदु घरांत तीन भाषा नांदत, आणि प्रत्येकीचा मान वेगळा असे. चुलीपाशीं, विहिरीवर, शेतांत आणि पाळण्याशीं कोंकणी. देवघरांत, पोथींत, कीर्तनांत, नाटकांत, जमाखर्चाच्या वह्यांत आणि सोयरिकीच्या पत्रांत मराठी. कचेरींत, न्यायालयांत आणि सरकारी शाळेंत पोर्तुगीज. मुलाला भूक लागली म्हणजे तें कोंकणींत रडे, देवाला मराठींत आळवी आणि परीक्षा पोर्तुगीजांत देई. ख्रिस्ती घरांतील व्यवस्था थोडी निराळी होती. तेथें प्रार्थना कोंकणींत होई व ती रोमन लिपींत छापली जाई. पण प्रतिष्ठेची भाषा तेथेंही पोर्तुगीजच होती. अशा रीतीनें सर्वांच्या तोंडीं असलेली भाषा कोणाच्याच बैठकीवर नव्हती.

कोंकणीच्या वांट्याला ही जागा कां आली, याला इतिहास आहे. इंग्लंडांतून आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यानें कोंकणीचें व्याकरण रचलें. तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. परंतु त्याच स्टीफन्सनें आपलें 'ख्रिस्तपुराण' रचण्याची वेळ आली तेव्हां मराठीचाच आश्रय केला. तें १६१६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें २७ जून १६८४ रोजीं पोर्तुगीज सरकारनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. फर्मानानें घरांतली भाषा जात नाहीं, म्हणून कोंकणी उरली. पण ती लेखणींतून गेली. त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, १८५८ सालीं, कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेंच तिच्या इतिहासावर निबंध लिहून तिची कड घेतली. ज्या सत्तेनें तिला हाकललें, त्याच सत्तेच्या एका विद्वानाला तिची कींव आली, हा दैवयोगच म्हणावयाचा.

यापुढची हकीकत महाराष्ट्रानें अगत्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोंकणीचें पहिलें नियतकालिक 'उदेंतेचें साळक' हें १८८९ सालीं पुण्यास निघालें. कोंकणीचा 'तियात्र' म्हणून जो नाट्यप्रकार आहे, त्याचा पहिला प्रयोग १८९२ सालीं मुंबईंत झाला. आणि ज्यांना अर्वाचीन कोंकणी गद्याचे जनक मानतात, ते वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, ऊर्फ शणै गोंयबाब, हे १८७७ सालीं डिचोलीस जन्मले खरे, परंतु त्यांनीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें मुंबईंत काढलीं. तेथील इटालियन वकिलातींत नोकरी करावी आणि उरलेला वेळ कोंकणीच्या लेखनांत घालवावा, असा त्यांचा क्रम असे. ९ एप्रिल १९४६ रोजीं मुंबईंतच त्यांचा अंत झाला. जिला स्वतःच्या गांवीं ओसरीवर बसतां येत नव्हतें, तिला पहिली ओसरी मुंबई-पुण्यानें दिली. मराठी आणि कोंकणी यांच्या भांडणाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. हीही गोष्ट त्यांच्या जोडीला सांगितली पाहिजे.

बोरकरांच्या घरीं संतवाणीचा परिपाठ होता. ज्ञानेश्वर आणि तुकाराम हे त्यांना पुस्तकांतून भेटण्यापूर्वीं कानांतून भेटले. शिक्षण पोर्तुगीजांतूनही झालें, आणि पुढें त्यांनीं मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा दिली. अधिक शिकण्याची हौस होती, पण घरीं पैसा नव्हता. तेव्हां त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करला, आणि १९३० पासून सुमारें पंधरा वर्षें गोव्यांतील निरनिराळ्या शाळांतून मुलांना शिकविलें. त्याच १९३० सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यांचा 'प्रतिभा' हा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. मग १९३७ मध्यें 'जीवनसंगीत', १९४७ मध्यें 'दूधसागर', १९५० मध्यें 'आनंदभैरवी' आणि १९६० मध्यें 'चित्रवीणा' असे संग्रह येत गेले. हे सर्व मराठींत. गद्यांतही त्यांनीं पुष्कळ लिहिलें. 'भावीण' या १९५० सालच्या कादंबरींत त्यांनीं देवळाच्या सेवेला वाहिलेल्या स्त्रियांचें जिणें विषय म्हणून घेतलें. देवळांच्या गांवीं वाढलेल्या लेखकानें देवळाच्या सावलींतलें दुःखही पाहावें, हें त्यांच्या मनाच्या सच्चेपणाचें लक्षण होय.

त्यांच्या कवितेचें कुळ भा. रा. तांबे यांच्या गीतकाव्याशीं जुळतें. नादमाधुर्य, प्रीति, निसर्ग आणि भक्ति या चार गोष्टी तिच्यांत एकमेकींपासून निराळ्या करतां येत नाहींत. आनंद हा तिचा स्थायीभाव आहे. हा आनंद सुखवस्तु माणसाचा नव्हता. थोड्या पगाराच्या शिक्षकानें, परक्या राज्यांत राहून, शोधून काढलेला तो आनंद होता. मराठी देशावरच्या अनेक वाचकांनीं तोंवर गोवें पाहिलेंच नव्हतें. पोर्तुगीजांची हद्द, तिच्यावरची नाकीं, तेथले निराळे कायदे, यांमुळें तो मुलूख जवळ असून दूर होता. माडांच्या राया, भरतीच्या नद्या, चांदण्यांतलीं देवळें आणि पहिल्या पावसानें दरवळलेली माती हीं या वाचकांना बोरकरांच्या कवितेंतून दिसलीं. त्यांतून बोरकर आपली कविता गाऊन म्हणत. त्यांच्या तोंडून ती ज्यांनीं ऐकली, त्यांना पुढें ती छापील पानावरही ऐकूं येत असे. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनीं त्यांच्या कवितांच्या वाचनाचे जाहीर कार्यक्रम केले, आणि कविता ही मोठ्यानें म्हणण्याची वस्तु आहे, हें महाराष्ट्राला पुन्हा एकदां दाखवून दिलें.

१९४६ सालानें या शिक्षककवीच्या आयुष्याला वळण दिलें. १८ जून रोजीं मडगांव येथें डॉ. राममनोहर लोहिया यांनीं बंदी मोडून सभा घेतली. सालाझारच्या राजवटींत गोव्यांत सभेला, संघटनेला आणि छापील शब्दाला सरकारची परवानगी लागे. ही भीति त्या दिवशीं पहिल्यानें मोडली. गांधीजींच्या विचारानें भारलेले बोरकर या लढ्यांत शिरले. गोवें सोडून ते बाहेर आले, आणि मुक्तीसाठीं चालविलेल्या 'आमचा गोमंतक' व 'पोरजेचो आवाज' या पत्रांच्या संपादनांत त्यांनीं भाग घेतला. पहिल्या पत्राचें नांव मराठी आहे आणि दुसऱ्याचें कोंकणी. 'पोरजेचो आवाज' म्हणजे प्रजेचा आवाज. या दोन नांवांतच त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा दिसून येते. देशाला उद्देशून मराठींत बोलतां येत होतें. परंतु गोव्यांतल्या शेतकऱ्याशीं, तारवट्याशीं आणि ख्रिस्ती शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर कोंकणीवांचून दुसरी भाषा नव्हती. हिंदु आणि ख्रिस्ती या दोघांना जन्मतः सारखीच येत असलेली तीच एक होती.

१९५५ सालीं बोरकर आकाशवाणीच्या पुणें केंद्रावर रुजू झाले, आणि पुणें व पणजी येथें मिळून १९७० पर्यंत त्यांनीं नभोवाणीची सेवा केली. ज्याची कविता आधींच कानासाठीं होती, त्याला हें काम मानवलें यांत नवल नाहीं. याच काळांत, १९६० सालीं, त्यांचा 'पांयजणां' हा कोंकणी कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. 'पांयजणां' म्हणजे पैंजण. हा संग्रह आणि मराठी 'चित्रवीणा' एकाच सालचीं भावंडें आहेत. त्या वेळीं बोरकर पन्नाशीला आले होते.

मराठींत लिहून भागत असतां हें नवें कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ज्या घरांत दोन भाषा आहेत, त्या घरांतील माणसाला लगेच कळेल. कोंकणींत आभार मानतांना 'देव बरें करूं' म्हणतात. त्याचें मराठी भाषांतर शब्दशः करतां येतें. पण दाराशीं पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिलेल्या म्हातारीच्या तोंडून तें आलें म्हणजे त्यांत जें असतें, तें भाषांतरांत उतरत नाहीं. 'मोग' या शब्दाचेंही तसेंच. प्रेम हा मराठींत पुस्तकांतून आलेला शब्द आहे. मोग हा अंगणांत खेळलेला शब्द आहे. गोव्याच्या बायका पौषाच्या चांदण्या रात्रीं 'धालो' खेळतात, फुगड्या घालतात, त्या वेळीं म्हटलेल्या गाण्यांची लय कोंकणी शब्दांच्या वळणानेंच घडलेली असते. साष्टीच्या ख्रिस्ती घरांतील 'मांडो' हें प्रेमगीतही त्याच मातींतलें. 'पांयजणां'मध्यें या लोकलयीला संतकाव्यावर पोसलेल्या कवीचा हात लागला. बोरकरांनीं कोंकणीला अपरिचित असें कांहीं आणलें नाहीं. चुलीपाशीं जें सर्वांच्या कानावर पडत होतें, तेंच त्यांनीं ओसरीवर आणून मांडलें, आणि तें किती सुंदर आहे हें घरच्यांनाच नव्यानें कळलें.

हा प्रश्न केवळ गोव्याचा नाहीं, हें दाखविण्यासाठीं युरोपांतील एका लहान देशाकडे पाहूं. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जम यांच्या मध्यें लुक्सेंबुर्ग नांवाचा देश आहे. त्याचें क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, गोव्याचें ३,७०२. म्हणजे गोवेंही त्याहून मोठें आहे. तेथेंही तीन भाषांचा संसार आहे. कायदा फ्रेंचांत, वर्तमानपत्र आणि मुलांचें पहिलें वाचन बहुतांशीं जर्मनींत, आणि घरचें बोलणें लुक्सेंबुर्गी भाषेंत. ती जर्मन भाषेची एक बोली आहे, असें बरेच दिवस सांगितलें जाई. या देशांत १८२७ सालीं जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरीं मिशेल रोडांज जन्मला. तोही आरंभीं शिक्षकच होता. पुढें सरकारच्या बांधकाम खात्यांत नोकरी करून त्यानें पोट भरलें. १८७२ सालीं त्यानें 'रेनर्ट' हें काव्य प्रसिद्ध केलें. धूर्त कोल्ह्याची ही युरोपांतील जुनी कथा जर्मन महाकवि गटे यानें आपल्या भाषेंत गाइली होती. रोडांजनें ती आपल्या देशाच्या मातींत आणून लावली. त्याच्या काव्यांतले प्राणी देशाच्या निरनिराळ्या भागांच्या बोलींत बोलतात, आणि त्या निमित्तानें तत्कालीन पुढाऱ्यांची थट्टा होते. त्याच्या हयातींत या काव्याची कोणी फारशी वास्तपुस्त केली नाहीं. चारच वर्षांनीं, १८७६ मध्यें, तो एकोणपन्नासाव्या वर्षीं मरण पावला. आज तेंच काव्य त्या राष्ट्राचें महाकाव्य मानलें जातें, आणि राजधानीच्या मध्यवर्ती चौकांत त्याचें जें स्मारक आहे त्याच्या माथ्यावर कोल्ह्याची मूर्ति बसविली आहे.

रोडांज आणि बोरकर यांच्यांत एक मोठा फरक आहे. रोडांजला दुसरीकडे कीर्ति मिळालेली नव्हती. बोरकरांना ती मिळालेली होती. ज्याला मोठ्या भाषेनें दार उघडलें नाहीं, तो लहान भाषेंत गेला तर लोक त्याला समजून घेतात. ज्याला तिनें पाटावर बसविलें, तो पाट सोडून स्वयंपाकघरांत गेला तर त्याच्याकडे जाब मागतात. आणि तो काळही जाब मागण्याचाच होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें, आणि लगेच प्रश्न उभा राहिला कीं, या मुलखानें महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं वेगळें राहावें. या वादाच्या मुळाशीं भाषेचा वाद होता. कोंकणी ही मराठीची बोली आहे, म्हणून गोवें महाराष्ट्राचेंच अंग आहे, असें एक पक्ष म्हणे. कोंकणी स्वतंत्र भाषा आहे, म्हणून गोवेंही स्वतंत्र घटक आहे, असें दुसरा पक्ष म्हणे. सुमित्र मंगेश कत्रे यांच्यासारख्या भाषापंडितानें कोंकणीच्या घडणीवर १९४२ सालींच ग्रंथ लिहिला होता. पण बाजारांत आणि सभेंत पंडिताचें कोण ऐकतो? १६ जानेवारी १९६७ रोजीं मतदान घेण्यांत आलें. विलीनीकरणाच्या बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं आणि वेगळें राहण्याच्या बाजूनें १,७२,१९१. निकाल लागला, परंतु घराघरांत, मित्रामित्रांत आणि वाचनालयांच्या कट्ट्यांवर जी कटुता शिरली, ती पुष्कळ वर्षें राहिली. दोन्ही पक्षांना आपल्या भाषेवर खरें प्रेम होतें, आणि म्हणूनच तें भांडण इतकें जिव्हारीं लागलें.

अशा दिवसांत मराठीच्या अभिमान्याला बोरकरांची कोंकणी कविता फितुरीसारखी वाटावी, आणि कोंकणीच्या अभिमान्याला त्यांची मराठी कविता अर्धवट निष्ठेची वाटावी, हें स्वाभाविक होतें. बोरकरांनीं यांतल्या कोणाच्याच समाधानासाठीं एक भाषा टाकून दिली नाहीं. १९६७ सालींच त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्यानंतर 'चैत्रपुनव' १९७० मध्यें आला, 'चांदणवेल' १९७२ मध्यें, आणि 'मेघदूता'चें मराठी रूपांतर १९८० मध्यें. १९८१ सालीं 'कांचनसंध्या' हा मराठी संग्रह निघाला, आणि त्याच १९८१ सालीं 'सासाय' या कोंकणी संग्रहाला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. गांधीजींच्या जीवनावर 'महात्मायन' हें महाकाव्यही त्यांनीं हातीं घेतलें होतें. तें अपुरें राहिलें. वादाला वादानें उत्तर देण्यापेक्षां दोन्ही भाषांतून लिहीत राहणें, हेंच त्यांचें उत्तर होतें, आणि त्याच्याइतकें निरुत्तर करणारें दुसरें नव्हतें.

यामुळें मराठीनें कांहीं गमावलें काय? संग्रहांचीं वर्षें समोर ठेवून पाहिलें तर पन्नाशीपर्यंतच्या मराठी कवितेपेक्षां पन्नाशीनंतरची मराठी कविता कमी नाहीं. माणसाचा कंठ हा आंबराईचा तुकडा नव्हे, कीं एका भावाला दिला म्हणजे दुसऱ्याचा हिस्सा घटला. आईच्या भाषेंत मोकळेपणानें बोलूं लागलेला कवि दुसऱ्या भाषेंतही अधिक मोकळा होतो. मराठीनें गमावलें असेल तर तें इतकेंच कीं, आपल्या शेजारणीला 'ही आमचीच एक बोली' असें म्हणण्याची संवय तिला सोडावी लागली. आणि संवय सुटणें म्हणजे कांहीं दारिद्र्य नव्हे.

कोंकणीनें मात्र पुष्कळ कमावलें. साहित्य अकादेमीनें २६ फेब्रुवारी १९७५ रोजीं तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजीं गोव्याच्या विधानसभेनें राजभाषेचा कायदा संमत केला. त्यांत देवनागरी लिपींतील कोंकणी ही राजभाषा ठरली, आणि सरकारी कामकाजासाठीं मराठीलाही स्थान देण्यांत आलें. त्याच वर्षीं ३० मे रोजीं गोवें स्वतंत्र राज्य झालें. १९९२ सालीं भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचींत कोंकणीचा समावेश झाला. पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठांतून डॉक्टर होऊन आलेले मनोहरराय सरदेसाय यांनीं फ्रेंचांतली विद्वत्ता बाजूस ठेवून कोंकणींत कविता केली, आणि ती गोव्यांत तोंडोंतोंडीं झाली. पुढें रवींद्र केळेकर यांना २००६ सालचें व दामोदर मावजो यांना २०२२ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें. म्हणजे जिला लेखणी नाहीं असें म्हणत, तिच्या दोन लेखकांना देशांतला हा मोठा वाङ्मयीन मान मिळाला.

यांतलें राजभाषेचें भाग्य बोरकरांना पाहावयास मिळालें नाहीं. ८ जुलै १९८४ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. त्याच १९८४ सालीं, २४ फेब्रुवारीस, लुक्सेंबुर्गच्या कायद्यानें लुक्सेंबुर्गी ही राष्ट्रभाषा ठरली. 'रेनर्ट' लिहिला गेल्यास तेव्हां एकशें बारा वर्षें होऊन गेलीं होतीं. कवि पेरतो आणि कायदा कापणीला येतो, असा हा हिशेब आहे. मधलीं वर्षें भाषेला कवितेवर काढावीं लागतात.

आतां पुन्हा मुरुडच्या पुळणीवर येऊं. दापोली-गुहागरच्या या पट्ट्यांतही चित्पावन घरांतून एके काळीं निराळी बोली बोलली जात असे. चित्पावनी हें तिचें नांव. तिच्यांत अनुनासिकांचा गोडवा होता, आणि कोंकणीशीं तिचें नातें जवळचें होतें. तिनें आपले शब्द शेतांत, माजघरांत आणि देवघरांत सांभाळले होते. तिच्या घरांतून पंडित निघाले, समाजसुधारक निघाले, मराठीचे मोठमोठे लेखक निघाले. त्यांनीं पुण्यामुंबईस जाऊन शुद्ध मराठी लिहिली आणि मुलांनाही तीच शिकविली. यांत त्यांचा दोष काढण्याचें कारण नाहीं; शिक्षणाची आणि चाकरीची वाट त्याच भाषेंतून जात होती. परंतु त्या बोलीला बाकीबाब भेटला नाहीं. आज ती मूळ गांवांतून जवळजवळ नाहींशी झाली आहे. फार पूर्वीं दक्षिणेस गोव्याकडे आणि कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे गेलेल्या कुळांत तेवढी ती अजून ऐकूं येते. ज्या गांवांनीं एवढे लेखक दिले, त्यांच्या घरची बोली लिहिल्यावांचून गेली, ही गोष्ट त्या गांवांतल्या माणसाला रुखरुख लावणारी आहे.

प्रत्येक घरांतून कवि निर्माण व्हावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. पण घरांत अजून एखादी आजी असेल, आणि तिच्या तोंडीं पाटावरवंट्याचे, पेरणीचे, आजारपणाचे, रागाचे आणि लाडाचे असे शब्द असतील कीं जे पुस्तकांत सांपडत नाहींत, तर एका वहींत ते टिपून ठेवण्यास विद्वत्ता लागत नाहीं. एक पेन्सिल आणि रोजची पंधरा मिनिटें पुरेत. शब्दापुढें अर्थ लिहावा, आणि तो शब्द आजीनें कोणत्या प्रसंगीं उच्चारला तेंही लिहावें. पुढें त्या घरांत, किंवा शेजारच्या घरांत, एखादा बाळकृष्ण जन्मास आला, तर त्याला लागणारी सामग्री त्या वहींत तरी शिल्लक असेल.